दुग्धप्राशनाचे आरोग्यविषयक लाभ व मर्यादा : लालबाग परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

दूध हे पूर्णान्न आहे आणि दूध जितके दाट तितके ते कसदार, या दोन समजुती मराठी कुटुंबांत खोलवर रुजलेल्या आहेत. प्रस्तुत लेखात लालबाग या गिरणगावातील वस्तीच्या संदर्भात या समजुतींची तपासणी केली आहे. मुंबईच्या दूधपुरवठ्याचा इतिहास, दुधातील पोषकद्रव्ये, दुधाच्या मर्यादा आणि वयोगटानुसार त्याची उपयुक्तता यांचा विचार करता, कामगारवर्गाने ‘पातळ’ म्हणून कमी लेखलेले टोन्ड दूध बहुतेक प्रौढ व्यक्तींना अधिक योग्य ठरते. तसेच घरात दूध किती येते याइतकेच ते कोणाच्या वाट्याला जाते, हेही महत्त्वाचे आहे, असा निष्कर्ष येथे मांडला आहे.

बीजशब्द : दूध, टोन्ड दूध, स्निग्धांश, कॅल्शियम, दुग्धशर्करा, रक्तक्षय, गिरणगाव, लालबाग.

१. प्रास्ताविक

लालबागमध्ये दिवसाची सुरुवात दुधाने होते. पहाटे दुकानांसमोर दुधाच्या पिशव्यांचे क्रेट उतरतात आणि चाळीतील कितीतरी दारांच्या कड्यांना पिशव्या अडकवलेल्या दिसतात. आलेल्या दुधाची वाटणी मात्र बहुधा ठरलेली असते. अर्धा लिटर दुधातील मोठा वाटा दोन वेळच्या चहात जातो. उरलेल्यातून शाळकरी मुलाला पेलाभर आणि वृद्धांना रात्री कपभर दूध दिले जाते. घरातील तरुण स्त्रीच्या वाट्याला पुष्कळदा चहापुरतेच दूध येते.

ही वाटणी अनुभवावर आणि समजुतींवर आधारलेली असते. दुधाने हाडे बळकट होतात, दूध प्यायल्याने अंगी ताकद येते, दुधामुळे कफ वाढतो, मासे खाऊन दूध प्यायल्यास अंगावर कोड उठते, अशी अनेक विधाने एकाच घरात एकाच वेळी खरी मानली जातात. त्यांपैकी काहींना शास्त्रीय आधार आहे, काहींना नाही. दुधावर होणारा खर्च कुटुंबाच्या मासिक अंदाजपत्रकात लहान नसतो. त्यामुळे या विधानांची तपासणी आरोग्याबरोबरच घरखर्चाच्या दृष्टीनेही आवश्यक ठरते.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

लालबाग, परळ, शिवडी या भागांतील कापड गिरण्यांत काम करणारा कामगार मुख्यतः दोन प्रदेशांतून आला. कोकणातून आलेल्या कामगाराच्या आहारात भात, मासळी व कुळीथ यांना महत्त्व होते. दुधाचे प्रमाण बेताचे होते. सातारा, कोल्हापूर या घाटावरच्या भागांतून आलेला कामगार म्हशीचे दूध, दूधभाकरी व तालीम यांची परंपरा घेऊन आला. कोकणी व घाटी कुटुंबे एकाच चाळीत शेजारी राहिली. तथापि दुधाविषयीच्या त्यांच्या कल्पना भिन्न होत्या. ‘कसदार दूध म्हणजे म्हशीचे, साय धरणारे दूध’ ही घाटावरची कल्पना कालांतराने सर्वांचीच झाली.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत असे दूध मिळणे सोपे नव्हते. म्हशींचे तबेले शहरातच दाट वस्तीत होते, दुधात पाणी मिसळण्याची प्रथा सर्रास होती आणि दूध निर्जंतुक करण्याची व्यवस्था नव्हती. लेम्युएल लुकास जोशी यांनी १९१६ साली भारतीय शहरांतील, विशेषतः मुंबईतील, दूधप्रश्नावर इंग्रजीत स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. दूध हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे, याची जाणीव त्या काळातच झाली होती, हे यावरून स्पष्ट होते.

या प्रश्नाची सर्वाधिक झळ गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या तान्ह्या मुलांना बसली. आई दिवसभर गिरणीत आणि बाळ घरी, अशी स्थिती असल्याने स्तनपान तुटत असे. बाळ शांत झोपावे म्हणून त्याला अफूची गोळी देण्याची प्रथा त्या काळी गिरणगावात होती. १९२९ च्या मुंबई प्रसूती लाभ कायद्याने कामगार स्त्रीला प्रसूतीच्या काळात रजा व भत्ता मिळू लागला. बाळाच्या आहाराच्या दृष्टीने पाहता, आईचे दूध बाळापर्यंत पोहोचावे यासाठी कायद्याने केलेली ही पहिली महत्त्वाची तरतूद होती, असे म्हणता येईल.

३. टोन्ड दूध : मुंबईने शोधलेला उपाय

१९४० च्या दशकात मुंबई सरकारने शहराच्या दूधपुरवठ्याची जबाबदारी हाती घेतली. शहरातील तबेले बाहेर नेण्याच्या उद्देशाने १९४९ मध्ये गोरेगाव येथे आरे दुग्ध वसाहत स्थापन झाली व १९५१ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. गुजरातमधील खेडा जिल्ह्याच्या सहकारी दूध संघाने १९४८ पासून आणंदहून पाश्चरीकृत दूध मुंबईस पाठविण्यास आरंभ केला. चारशेहून अधिक किलोमीटरवरून येणारे दूध शहराच्या उपयोगी पडू लागले. १९७० मध्ये सुरू झालेल्या ‘दूध महापूर’ योजनेच्या पहिल्या टप्प्यातही मुंबईचा समावेश होता.

या सर्व प्रयत्नांत दारा खुरोडी यांचे कार्य विशेष उल्लेखनीय आहे. म्हशीच्या दुधात स्निग्धांश साधारणतः सहा ते सात टक्के असतो. त्यात साय काढलेल्या दुधाची भुकटी व पाणी मिसळल्यास स्निग्धांश कमी होतो, परंतु प्रथिने, दुग्धशर्करा व खनिजे पूर्वीच्या पातळीच्या जवळपास राखता येतात. दुधाचे परिमाण वाढते व किंमत उतरते. ‘टोन्ड दूध’ या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत खुरोडी यांनी मुंबईत रूढ केली. १९६३ मध्ये त्यांना वर्गीज कुरियन व त्रिभुवनदास पटेल यांच्यासह मॅगसेसे पुरस्कार प्राप्त झाला.

टोन्ड दूध म्हणजे पाणी घातलेले दूध, असा समज मात्र कायम राहिला. वस्तुतः या दोहोंत मूलभूत फरक आहे. दुधात केवळ पाणी मिसळल्यास त्यातील सर्वच पोषकद्रव्ये विरळ होतात. टोन्ड दुधात प्रामुख्याने स्निग्धांश कमी केलेला असतो. सध्याच्या मानकांनुसार टोन्ड दुधात किमान ३ टक्के स्निग्धांश व ८.५ टक्के स्निग्धेतर घनपदार्थ असणे आवश्यक आहे. डबल टोन्ड दुधासाठी हे प्रमाण अनुक्रमे १.५ व ९ टक्के, तर फुल क्रीम दुधासाठी ६ व ९ टक्के आहे. दुधाची खरी ओळख यांतील दुसऱ्या आकड्यात आहे. ग्राहक मात्र पहिला आकडाच पाहतो.

४. दुधापासून होणारे लाभ

२०० मिलिलिटरच्या एका पेल्यातून सुमारे ६ ते ७ ग्रॅम प्रथिने व २४० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढांसाठी दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस केली आहे. म्हणजे एका पेल्यातून दिवसाच्या गरजेचा जवळपास चौथा हिस्सा भागतो. दुधातील प्रथिने उत्तम दर्जाची असतात. धान्यातील प्रथिनांत लायसिन या घटकाची उणीव असते. ती दुधामुळे भरून निघते. दूधभाकरी किंवा दहीभात हा साधा आहार म्हणूनच पोषणाच्या दृष्टीने समंजस ठरतो.

शाकाहारी कुटुंबांसाठी दुधाचे आणखी एक महत्त्व आहे. बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नातून जवळजवळ मिळत नाही. त्याच्या अभावाने रक्तक्षय व मज्जातंतूंचे विकार संभवतात. गिरणगावात माळकरी कुटुंबांची परंपरा जुनी आहे. मासे, अंडी वर्ज्य असणाऱ्या अशा घरांत दूध, दही व ताक हेच बी-१२ चे मुख्य नैसर्गिक स्रोत होत. सुकट, जवळा, बांगडा नित्य खाणाऱ्या कोकणी कुटुंबाची स्थिती वेगळी आहे. त्याला बी-१२ मासळीतून मिळते आणि काट्यासह अथवा कवचासह खाल्ल्या जाणाऱ्या लहान सुक्या मासळीतून कॅल्शियमही मिळते. दूध न आवडणाऱ्या कोकणी मुलाच्या आईने म्हणूनच फार चिंता करण्याचे कारण नाही.

कॅल्शियम केवळ दुधातच असते, असेही नाही. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३४० ते ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तिळात ते याहून कितीतरी अधिक असते. त्यांतील काही भाग फायटेट, ऑक्झलेट यांसारख्या घटकांमुळे शोषला जात नाही, ही गोष्ट खरी असली तरी नाचणीची भाकरी व तिळाची चटणी यांचे मोल कमी होत नाही.

५. दुधाच्या मर्यादा

५.१ स्निग्धांश : फुल क्रीम दुधाच्या एका पेल्यातून सुमारे १२ ग्रॅम, तर टोन्ड दुधाच्या पेल्यातून सुमारे ६ ग्रॅम स्निग्धांश मिळतो. कॅल्शियम व प्रथिने दोहोंत जवळपास सारखीच असतात. दुधातील स्निग्धांशाचा साधारणतः साठ टक्क्यांहून अधिक भाग संपृक्त स्वरूपाचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक ऊर्जा संपृक्त स्निग्धांशातून येऊ नये. २००० कॅलरींच्या आहारात ही मर्यादा सुमारे २२ ग्रॅम होते. दिवसाला दोन पेले फुल क्रीम दूध घेतल्यास त्यातील सुमारे १५ ग्रॅमची जागा दुधानेच व्यापली जाते.

गिरणीत आठ तास उभ्याने काम करणाऱ्या किंवा तालमीत घाम गाळणाऱ्या तरुणास म्हशीच्या दुधातील ऊर्जा पचविणे कठीण नव्हते. आज गिरण्यांच्या जागी मनोरे व कार्यालये उभी आहेत आणि त्याच कुटुंबातील पुढची पिढी खुर्चीत बसून काम करते. श्रम बदलले, दुधाविषयीची कल्पना मात्र बदलली नाही. ‘आम्ही साय काढून दूध पितो’ असे पुष्कळदा सांगितले जाते. परंतु काढलेल्या सायीचे लोणी होते, लोण्याचे तूप होते आणि ते त्याच घरात खाल्ले जाते. साय दुधातून जाते, घरातून जात नाही.

५.२ दुग्धशर्करा : दुधातील साखर पचविण्यासाठी लॅक्टेज हे विकर आवश्यक असते. शैशवानंतर त्याचे प्रमाण घटणे ही मानवात सामान्य बाब आहे. जगातील सुमारे दोन तृतीयांश प्रौढांत ते घटलेले आढळते. भारतात उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना दूध पचविण्याची ही क्षमता साधारणतः कमी होत जाते. पोटात गुडगुडणे, वायू, जुलाब ही न पचलेल्या दुग्धशर्करेची लक्षणे आहेत. तथापि अशा बहुतेक व्यक्तींना एका वेळी सुमारे १२ ग्रॅम, म्हणजे पेलाभर दुधाइतकी, दुग्धशर्करा फारशा त्रासाविना सोसते. विरजण लावल्यावर दुधातील काही शर्करा जिवाणू वापरतात व त्यांचे विकर पुढील पचनासही साहाय्य करते. दूध न सोसणाऱ्यास दही किंवा ताक सोसते, या लोकानुभवामागील कारण हेच आहे.

५.३ लोह : दुधात लोहाचे प्रमाण अत्यल्प असते, शिवाय त्यातील कॅल्शियम अन्नातील लोहाच्या शोषणास अडथळा आणते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. या पार्श्वभूमीवर गर्भवती स्त्रीने लोहाची गोळी दुधासोबत घेण्याची प्रथा हानिकारक ठरते. गोळी व दूध यांत काही तासांचे अंतर असावे. थायरॉइडच्या व काही प्रतिजैविकांच्या गोळ्यांनाही हाच नियम लागू होतो. जेवणानंतर लगेच घेतलेला दुधाचा चहा दुहेरी अडथळा करतो, कारण चहातील टॅनिनही लोहाचे शोषण रोखते.

५.४ अतिसेवन : अधिक दूध म्हणजे अधिक बळकट हाडे, हे समीकरण सरळ नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील एका मोठ्या पाहणीत भरपूर दूध पिणाऱ्या स्त्रियांत अस्थिभंगाचे प्रमाण कमी आढळले नाही, उलट अधिक आढळले. ही पाहणी निरीक्षणात्मक असल्याने तिच्यावरून कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही आणि तेथील आहारही वेगळा आहे. तरीही हाडांच्या बळकटीसाठी व्यायाम, सूर्यप्रकाश व पुरेशी प्रथिने यांना दूध हा पर्याय होऊ शकत नाही, एवढे निश्चित म्हणता येते.

६. प्रचलित समजुती

मासे व दूध यांचा संयोग आयुर्वेदात विरुद्धाहार मानला असून चरकसंहितेत त्याचा उल्लेख आहे. त्यामुळे कोड उठते, या समजुतीस मात्र आधुनिक वैद्यकात पुरावा आढळत नाही. कोड हा मुख्यतः शरीराच्या प्रतिकारयंत्रणेशी निगडित विकार आहे. दुधामुळे कफ वाढतो, यासही भक्कम पुरावा नाही. दूध लाळेत मिसळल्यावर घशात जो दाटपणा जाणवतो, तो कफ वाटत असावा. थंड दुधाने आम्लपित्त शमते, हे काही वेळापुरते खरे आहे. परंतु दुधातील प्रथिने व कॅल्शियम जठररसाच्या स्रावास चालना देतात, त्यामुळे जळजळ पुन्हा उद्भवू शकते.

७. वयोगटानुसार उपयुक्तता

पहिले सहा महिने बाळास केवळ आईचे दूध द्यावे. त्यानंतर पूरक आहार सुरू करावा; परंतु एक वर्षापर्यंत गायीम्हशीचे वरचे दूध हे मुख्य पेय असू नये. वरचे दूध पाणी घालून पाजण्याची प्रथा बाळाचे दुहेरी नुकसान करते : पोषण घटते व अशुद्ध पाण्याचा धोका वाढतो. एक ते दोन वर्षांच्या मुलास स्निग्धांशयुक्त दूध योग्य आहे, कारण त्याच्या वाढीस ऊर्जेची गरज असते. तथापि दिवसभर दूधच पिऊन जेवण टाळणाऱ्या मुलांत लोहाच्या अभावाचा रक्तक्षय संभवतो. ‘दूध पितो ना, मग जेवला नाही तरी चालेल’ हा दिलासा खरा नाही.

शाळकरी मुलास दिवसाला एक ते दोन पेले दूध पुरेसे आहे. दुधात घातली जाणारी साखर व चवीची भुकटी यांकडे लक्ष हवे. दोन चमचे साखरेतून सुमारे ४० कॅलरी वाढतात. प्रौढांसाठी राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक आहारात दिवसाला ३०० मिलिलिटर दूध अथवा दही सुचविले आहे. ते टोन्ड दुधाचे असल्यास अधिक चांगले. ज्येष्ठांची भूक कमी झालेली असते, त्यामुळे प्रथिनांचा सुलभ स्रोत म्हणून त्यांना दूध उपयोगी पडते. परंतु साध्या दुधात ड जीवनसत्त्व अत्यल्प असते आणि स्निग्धांश काढताना अ जीवनसत्त्वही घटते. यासाठी २०१८ च्या नियमांनुसार पोषणमूल्यवर्धित दुधाच्या पिशवीवर ‘+एफ’ हे चिन्ह छापले जाते. ते पाहून दूध घ्यावे. मूत्रपिंडाचे विकार किंवा दुधाची ॲलर्जी असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्यानेच प्रमाण ठरवावे.

८. शुद्धतेचा प्रश्न

दुधाचे सर्व लाभ त्याच्या शुद्धतेवर अवलंबून आहेत. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून घेतलेल्या ६,४३२ नमुन्यांपैकी सुमारे ९३ टक्के नमुने सेवनास सुरक्षित आढळले. मात्र सुमारे ४१ टक्के नमुने स्निग्धांश किंवा घनपदार्थांच्या निकषांत उणे ठरले. ५.७ टक्के नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-१ मर्यादेपेक्षा अधिक होते. जनावरांच्या बुरशी लागलेल्या खाद्यातून दुधात उतरणारे हे विष उकळल्यानेही नष्ट होत नाही.

मुंबईत पिशवी कापून दूध काढणे, त्यात पाणी भरणे व पिशवी पुन्हा चिकटविणे, असे प्रकार अन्न व औषध प्रशासनाच्या छाप्यांत वेळोवेळी उघडकीस आले आहेत. पिशवीच्या कडेवरील जोड दुहेरी किंवा सुरकुतलेला दिसल्यास ती स्वीकारू नये. केवळ दुग्धमापकावर विसंबणे पुरेसे नाही, कारण पाण्याबरोबर साखर किंवा पिष्ट मिसळल्यास घनता पूर्ववत दिसते. पिष्टाची परीक्षा घरी करता येते : दूध उकळून थंड केल्यावर त्यात आयोडिनचे थेंब टाकले असता निळा रंग आल्यास पिष्ट आहे, असे समजावे. पाश्चरीकरणात दूध ७२ अंश सेल्सियसवर १५ सेकंद तापविले जाते. नंतरच्या वाहतुकीत ते पुरेसे थंड राहिले असेलच असे नाही, म्हणून घरी एकदा उकळणे इष्ट. तबेल्याचे सुटे दूध मात्र न उकळता कधीही पिऊ नये. धारोष्ण दुधातून क्षय व ब्रुसेलोसिस यांसारखे रोग पसरू शकतात.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. दूध हे उत्तम अन्न आहे, परंतु पूर्णान्न नाही. त्यात लोह व तंतुमय पदार्थ जवळजवळ नसतात. दुधाचा दाटपणा हा मुख्यतः स्निग्धांशाचा दाटपणा असतो, पोषणाचा नव्हे. गिरणगावातील कामगाराने नाइलाजाने घेतलेले स्वस्त टोन्ड दूध त्याच्या बैठे काम करणाऱ्या मुलानातवंडांसाठी आज शास्त्रदृष्ट्या योग्य दूध ठरले आहे. त्यातून वाचणारे पैसे डाळ, अंडी, फळे किंवा पालेभाजीवर खर्च झाल्यास कुटुंबाचे पोषण अधिक सुधारेल.

शेवटचा मुद्दा वाटणीचा आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात वेतन थांबले, तेव्हा अनेक घरांत स्त्रियांनी खाणावळी चालवून, मसाले कांडून संसार सावरले. घराला पोसणाऱ्या त्याच स्त्रीच्या पेल्यात आजही पुष्कळदा चहापुरतेच दूध असते. दुधाचे लाभ व तोटे यांची चर्चा कितीही सूक्ष्म झाली तरी, आलेले अर्धा लिटर दूध गर्भवती सून, वाढती मुलगी आणि वृद्ध आई यांच्यापर्यंत पोहोचत नसेल, तर ती चर्चा अपुरी राहते. चहातील दोन फेऱ्या कमी करून त्यातील दूध वाटीभर दह्याच्या रूपाने तिच्या ताटात येणे, हा कोणत्याही वाढीव खर्चाविना आजच करता येण्याजोगा बदल आहे.